सत्तावन्नचे साठ होत नाहीत

ओलेटा हेन्सली आमच्या शाळेत बीजगणित शिकवायच्या. मी त्यांच्या समोरच्या वर्गात इंग्रजी शिकवते. पण त्याआधी मी त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसून बीजगणिताला घाबरलेली आहे. त्यामुळे पुढे बरोबरीची शिक्षिका झाले तरी मला त्यांना नुसतं 'ओलेटा' म्हणता आलं नाही. ओलेटाबाईच म्हणायचे.

बाई अंगाने किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पिजन फोर्क नावाच्या ओढ्याच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे डांबरी रस्ता संपून खडी लागते, तिथे एकट्या राहायच्या. दुपारच्या सुट्टीत ताकात मक्याचा पाव कुस्करून चमच्याने खायच्या आणि खाता खाता पेपर तपासायच्या. गुणांच्या बाबतीत त्यांची ख्याती सगळ्या तालुक्यात होती. सख्ख्या पुतण्याला त्यांनी नापास केलं होतं आणि नाताळच्या जेवणाला त्याच्याच शेजारी बसून त्याला डुकराचं मांस वाढलं होतं. "गुण मी देत नाही रे बाळांनो," त्या वर्गात सांगायच्या, "तुम्ही मिळवता. मी नुसती मोजते."

हे सगळं चालून जात होतं, कारण तोवर बीजगणितात नापास होणं ही पोराची आणि पुस्तकाची आपापसातली गोष्ट होती. मग तो कायदा आला.

अठरा वर्षांखालच्या मुलाने शाळा फार बुडवली, किंवा सहामाहीत निदान चार विषयांत तो पास झाला नाही, तर त्याचा गाडी चालवायचा परवाना रद्द. शाळेने सरकारला कळवायचं, आणि सरकारने घरी. शहरात बसून हे वाचणाऱ्याला वाटेल, बरं झालं, पोरं बसने जातील. आमच्या केंटकीच्या या डोंगरात बस म्हणजे फक्त शाळेची पिवळी बस. दुकान, दवाखाना, चर्च, नोकरी, सगळं दोन-तीन डोंगरांपलीकडे. सोळाव्या वर्षी पोराच्या हातात किल्ली पडते, तेव्हा त्याच्यापेक्षा घरच्यांनाच जास्त हायसं वाटतं.

कायद्याचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. मासेमारीच्या आणि हरणांच्या शिकारीच्या दिवसांत निम्मे रिकामे असणारे बाक भरायला लागले. पोरं पोत्यासारखी बसायची, पण बसायची. मुख्याध्यापक गार्लंड टॉलिव्हर हजेरीचा आकडा बघून खूश होते. पण दुसरंही एक झालं. पन्नास ते साठच्या मधले गुण आमच्या शाळेतून नाहीसेच झाले. पास व्हायला साठ लागायचे. कोणाला छप्पन्न पडले की शिक्षकाला त्या पोराची गाडी दिसायची, गाडीत बसलेली त्याची आजी दिसायची, आणि छप्पन्नचे साठ व्हायचे. मीही केले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. व्याकरणाच्या चार चुकांपायी एखाद्या घराची चाकं काढून घेण्याइतकं व्याकरण मला पवित्र नाही.

ओलेटाबाईंनी मात्र केले नाहीत.

"अहो, पण त्याच्या गाडीचा आणि समीकरणांचा संबंध काय?" एकदा शिक्षकांच्या खोलीत मी विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तेच तर म्हणतेय मी. मग गाडी बघून समीकरणाचे गुण का वाढवू?"

"कायदाच चुकीचा आहे असं समजा की."

"समजते ना. पण चुकीचा कायदा दुरुस्त करायला खोटा गुण हे औषध नाही गं. उद्या पोराला वाटेल, त्याला येतंय. येत नसताना येतंय वाटणं, यापेक्षा वाईट काही नाही."

त्या हिवाळ्यात लँडन नेपियरचा प्रश्न आला.

लँडन सतरा वर्षांचा. उंच, लाल केसांचा, तोंडाने तिखट. सहा विषयांपैकी तीन पास, दोन आधीच गेलेले. सहावा विषय बीजगणित, आणि त्यात पडले सत्तावन्न. ओलेटाबाईंच्या लेखणीवर त्याचा परवाना लटकला होता. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या आईची नोकरी.

त्याची आई रोंडा पिजन फोर्कच्याच मधल्या वळणावर राहायची. गावात वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या एका ठिकाणी ती कामाला होती. म्हाताऱ्यांना उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं. लँडन सकाळी तिला तिथे सोडून शाळेत यायचा, संध्याकाळी घेऊन जायचा. रोंडा स्वतः गाडी चालवत नसे. का, ते कोणी विचारत नसे. तिचा नवरा रॉय अपघातात गेला होता एवढं सगळ्यांना माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रोंडा आली. लँडन खाली गाडीत थांबला. मी माझ्या वर्गाच्या दारात उभी होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"बाई, तीन गुणांचा प्रश्न आहे."

"माहीत आहे मला, रोंडा."

"तुम्ही मलाही शिकवलंय. मी कधी काही मागितलं का तुमच्याकडे?"

"नाही मागितलंस. आणि तू बासष्ट मिळवले होतेस, स्वतःचे."

"मग याला तीन द्या! कोणाचं काय जातंय?"

"सत्तावन्नचे साठ होत नाहीत गं. न्यायाधीशांकडे अर्ज कर. घरची अडचण सांगितली तर परवाना ठेवू देतात. कायद्यातच आहे तसं. मी येते साक्षीला."

रोंडा म्हणाली, "तुमचं छान आहे. तुमचं तत्त्व घरी बसून ताक पितं. माझ्या तत्त्वाला सकाळी सातला कामावर पोचायचं असतं."

ती जिन्यावरून उतरत गेली. ओलेटाबाईंनी फळा पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसतच राहिल्या.

परवाना गेला. आणि त्यानंतरच्या सोमवारी, उजाडता उजाडता, ओलेटाबाईंची जुनी पांढरी पिकअप रोंडाच्या दारात उभी राहिली. हे मला लँडननेच नंतर सांगितलं. हॉर्न वाजला म्हणून तो पायात मोजे घालून ओसरीवर आला, तर काच खाली करून बाई म्हणाल्या, "आईला बोलव. आणि बूट घाल. माझ्या वाटेवरच आहे तुमचं घर."

"तुम्ही मला नापास केलंत आणि आता माझ्या ड्रायव्हर होणार?"

"हो. आणि ड्रायव्हरला थांबायला आवडत नाही."

पिकअपला एकच लांब बाक. रोंडा दाराशी, लँडन मधे, गुडघे गिअरच्या दांड्याला लागलेले. रोंडा पहिले कित्येक दिवस एक अक्षर बोलली नाही. उतरताना दार मात्र असं आपटायची की आरसा हलायचा. बाईंनी कधी काही म्हटलं नाही. संध्याकाळी पुन्हा घ्यायला हजर.

सगळी बडबड लँडनचीच. "बाई, या गाडीला हीटर आहे का नुसतं चित्र आहे?" "बाई, समोर गाय आहे, तिलाही नापास करा म्हणजे बाजूला होईल." शाळेत त्याची कोण टर उडाली! बीजगणिताच्या बाईंच्या मांडीला मांडी लावून येतो म्हणून पोरं त्याला 'मिस्टर हेन्सली' म्हणायला लागली. त्याने ते नाव लगेच स्वीकारलं आणि मला सांगितलं, "मॅडम, माझी बायको कडक आहे, तिच्यापुढे कोणी बोलू नका."

बाई घंटेच्या बऱ्याच आधी शाळेत यायच्या, म्हणून त्यालाही यावं लागे. वर्गात दुसरं कोणी नसे. त्या पेपर तपासत, तो बाकावर डोकं टेकून झोपे. काही दिवसांनी झोप येईना. "वेळ जात नाही हो," म्हणून तो फळ्यावरची गणितं सोडवायला लागला. चुकली की त्या मान वर न करता म्हणत, "दुसरी ओळ बघ." बस, एवढंच.

न्यायालयाची तारीख लागली तेव्हा रोंडा बाईंच्याच गाडीतून गेली, कारण जायला दुसरं काही नव्हतं. मी त्या दिवशी दुसरी साक्षीदार म्हणून सोबत होते. न्यायाधीश वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी रोंडाचं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "घरात गाडी चालवणारं दुसरं कोणी मोठं माणूस?"

"नाही, साहेब."

"तुम्ही स्वतः? काही आजार आहे का?"

"आजार नाही."

"मग चालवता येत नाही?"

"येतं."

"येतं, मग चालवत का नाही, बाई?"

रोंडाचे ओठ हलले. ती लँडनकडे बघायला लागली, मग खिडकीकडे. न्यायाधीश थांबले होते. घाई करत नव्हते, रागावलेही नव्हते. दोन शब्द बोलली असती तर त्यांनी सही केली असती, असं मला अजूनही वाटतं. तिने पर्स उचलली आणि ती बाहेर निघून गेली. अर्ज तिथेच पडला.

परतताना मी मागे माझ्या गाडीत होते. त्यामुळे पिकअपमध्ये काय झालं ते मला बाईंकडून कळलं, तेही खूप नंतर, रोंडाने हरकत नाही म्हटल्यावर.

पिजन फोर्कच्या तोंडाशी रस्ता खडकाला वळसा घालतो. समोरचं काही दिसत नाही. त्या वळणाच्या अलीकडे रोंडा रोज डोळे मिटून घ्यायची. बाईंच्या ते लक्षात आलं होतं. त्या दिवशी डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "मीच चालवत होते."

"रॉय चालवत नव्हता, मी होते. इथेच कोळशाचा ट्रक आमच्या बाजूला आला. पोलीस म्हणाले, तुमची काही चूक नाही. सगळेच म्हणाले. पण स्टिअरिंगवर हात तर माझेच होते ना."

मधे बसलेला लँडन म्हणाला, "माहीत आहे मला, आई."

"कुणी सांगितलं?"

"तूच. झोपेत बडबडतेस. लहानपणापासून ऐकतोय."

रोंडाने डोळे उघडले तेव्हा गाडी वळण ओलांडून पुढे आली होती. ती पोराकडे बघतच राहिली. तो म्हणाला, "मला वाटलं, मी चालवतो तोवर तुला हे कुणाला सांगायला नको. म्हणून तर सोळाचा झाल्याझाल्या परवाना काढला."

ओलेटाबाई मला म्हणाल्या होत्या, "तेव्हा प्रथम वाटलं गं, की हात आखडून मी काय केलं हे. पोराने एवढं ओझं घेतलं होतं आणि मी त्याला दुसरी ओळ बघ सांगत होते."

"मग दिले असते का तीन गुण?"

"नाही. पण रात्री झोप लागली नसती."

त्या आठवड्यात रोंडा दार न आपटता उतरली. आणि मग एका सकाळी, उतरता उतरता, रस्त्याकडेच बघत म्हणाली, "शिकाऊ परवान्याचं पुस्तक कुठे मिळतं हो?"

तिचा जुना परवाना केव्हाच बाद झाला होता. सगळं पहिल्यापासून करायचं होतं. लेखी परीक्षेला ती गेली आणि एका प्रश्नाने नापास झाली. लँडनला हसू आवरेना. "आई, एका गुणाने! जा ना, विनंती कर त्यांना. सांग, तुमचं काय जातंय?"

"थोबाड बंद कर," रोंडा म्हणाली. पण तिलाही हसू फुटलं असावं, कारण त्या संध्याकाळी पिकअपमध्ये पहिल्यांदा तिघंही एकदम बोलत होते. प्रश्न होता गोल चौकातून कोणी आधी जायचं याचा. आमच्या तालुक्यात एकही गोल चौक नाही. "जी गोष्ट नाहीच तिचं उत्तर मी का पाठ करू?" रोंडाचं म्हणणं. "मला 'क्ष'बद्दल असंच वाटतं," लँडन म्हणाला. बाईंनी दोघांनाही उत्तर दिलं नाही. पुढच्या वेळी रोंडा पास झाली.

सराव करायला त्यांनी जागा निवडली ती जुन्या खाणीची. कोळशासाठी डोंगराचा माथाच कापून काढलेला. वर सपाट गवताळ मैदान, आपटायला झाडसुद्धा नाही. शनिवारी दुपारी मी एकदा बघायला गेले. रोंडा स्टिअरिंगशी, बाई शेजारी, आणि लँडन दूर दगडावर उभा राहून शेतातल्या कावळ्यांना हाकलावं तसा ओरडत होता.

"क्लच सोड! हळू! अगं, हळू म्हणजे हळू, मेलेल्या माणसाचा हात सोडतात तसा!"

त्याच्या तोंडून काय निघालं ते त्यालाच आधी कळलं. तो गप्प झाला. गाडीही बंद पडली. मला वाटलं, संपलं. पण रोंडाने काच खाली केली आणि ओरडली, "मग नीट सांग की! कसा हळू?"

"अंडं ठेवतात तसा!" तो ओरडला.

तिने किल्ली फिरवली.

वसंतात, डॉगवूडची पांढरी फुलं आली होती तेव्हा, तिने खऱ्या रस्त्यावर चालवायला घेतलं. त्या खडकाच्या वळणाशी आली आणि इतकी सावकाश गेली की मागे गाड्यांची रांग लागली. कुणीतरी हॉर्न दिला. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्या माणसाला दम भरला, तर तो ओळखीचा निघाला. त्यांचाच जुना विद्यार्थी. रोंडा वळण पार करून पुढे चर्चच्या आवारात थांबली, उतरली, गाडीला टेकून उभी राहिली. लँडन तिच्याजवळ गेला. बाई गाडीतच बसून राहिल्या आणि, त्यांच्याच शब्दांत, "गिअरच्या दांड्याकडे बघत होते, कारण दुसरीकडे बघणं बरं दिसलं नसतं."

मे महिन्यात रोंडाला पक्का परवाना मिळाला. त्याच महिन्यात लँडनला बीजगणितात सहासष्ट पडले. इतर विषयांतही तो कसाबसा तरला. त्याचा परवाना परत आला तेव्हा घरात गाडी एक आणि चालवणारे दोन झाले होते.

"आता ती देतच नाही हो गाडी!" तो ओलेटाबाईंच्या देखत माझ्याकडे तक्रार करायचा. "म्हणते, मी कामावर जाणार, तू बसने जा. सतरा वर्षांचा माणूस पिवळ्या बसने! बाई, तुम्ही परत याल का हो घ्यायला?"

"माझं पेट्रोल संपलं," ओलेटाबाई म्हणायच्या.

गोष्ट इथे संपवली तर गोड होईल. टॉलिव्हरसाहेबांना तशीच हवी होती. शाळा मंडळाच्या सभेत कायद्याचं यश म्हणून नेपियर कुटुंबाचं उदाहरण द्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि बोलायला उभं केलं ओलेटाबाईंना. सभागृह भरलेलं. रोंडाही मागे होती, कामाच्या गणवेशातच.

बाई म्हणाल्या, "कायद्याने लँडनची गाडी काढून घेतली. पुढचं जे काही झालं ते रोंडाने केलं, आणि तिच्या पोराने. कायद्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी दारात गाडी थांबवली, कारण त्यांचं घर माझ्या वाटेवर होतं." थोडं थांबून त्या पुढे म्हणाल्या, "त्याच सहामाहीत मी डेव्ही कूट्सलाही नापास केलं. त्याचं घर माझ्या वाटेवर नाही. डेव्ही कुठे आहे, सांगेल का कोणी?"

सगळ्यांना माहीत होतं. डेव्हीचा परवाना गेला, तो तसाच गाडी चालवत राहिला, पकडला गेला, आणि मग शाळेत यायचं त्याने बंदच केलं.

"मी गुण बदलणार नाही," बाई म्हणाल्या. "पण हा कायदा माझ्या गुणांकडून जे काम करून घेतोय, ते त्यांचं काम नव्हे. एवढंच." आणि खाली बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळलं नाही. टॉलिव्हरसाहेबांनी पुढचा विषय घेतला, फुटबॉलच्या मैदानावरचे दिवे.

कायदा तसाच राहिला. बाई आणखी काही वर्षं शिकवत राहिल्या आणि नापासही करत राहिल्या. फरक एवढाच पडला की दर सहामाहीच्या शेवटी त्या ज्यांना नापास करत, त्यांच्या घरी स्वतः जायला लागल्या. काही दारं उघडत, काही नाही. एकदोघांना त्यांनी गाडीतून आणलं. एकाच्या बापाने कुत्रं सोडलं. लँडन शाळा संपवून टायरच्या दुकानात लागला, आता त्याचं स्वतःचं आहे. रोंडा तिच्या ठिकाणच्या म्हाताऱ्यांना रविवारी चर्चला घेऊन जाते. मोठी गाडी, मागे चाकांच्या खुर्च्या.

डेव्हीकडे बाई दर ऑगस्टमध्ये जायच्या. एकदा मीही गेले होते. तो तेव्हा वीस ओलांडलेला असेल, दारात कुणाचं तरी इंजिन उघडून बसला होता. आम्हाला बघून उठला, हात पुसले, खुर्च्या आणल्या. आईने बांधावरचे टोमॅटो पिशवीत भरून दिले. पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. मग बाईंनी शाळा सुटलेल्या प्रौढांसाठी असते त्या परीक्षेचं विचारलं.

"नको हो बाई," तो म्हणाला, अगदी नम्रपणे. "तुमच्यावर राग नाही. पण आता मला त्यात जायचं नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. "पुढच्या ऑगस्टला येईन."

"या की. टोमॅटो असतीलच."

परतताना त्यांनी बराच वेळ रस्त्याकडे बघत गाडी चालवली. मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "काही बोलू नकोस. पिशवी नीट धर, टोमॅटो पिकलेत, फुटतील."